काळ्या अस्वलाचा पाहुणचार

उत्तर अमेरिकेतले काळे अस्वल पुष्कळदा काळे नसते, ही त्याच्या शिकारीच्या अभ्यासातली पहिली अडचण. पूर्वेकडच्या राज्यांत ते नावाला जागते. पश्चिमेला रॉकी पर्वताकडे सरकले की तेच अस्वल तपकिरी, दालचिनी रंगाचे, कधी चक्क सोनेरी निघते. अलास्काच्या एका कोपऱ्यात ते निळसर राखाडी असते आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर काही तर पांढरीफेक असतात. शास्त्राच्या दप्तरी मात्र ही सगळी काळीच. त्यात भर म्हणजे पश्चिमेतल्याच काही राज्यांत ग्रिझली नावाचे खरोखरचे तपकिरी अस्वल राहते आणि अलास्का वगळता उरलेल्या सलग अमेरिकेत त्याला १९७५ पासून कायद्याचे संरक्षण आहे. काळे समजून ग्रिझलीला गोळी घालणारा कोर्टात उभा राहतो. काळे समजून ग्रिझलीच्या जवळ जाणारा कोर्टापर्यंतही पोचत नाही. म्हणून मोंटाना राज्यात काळ्या अस्वलाचा परवाना हवा असेल तर आधी अस्वल ओळखण्याची परीक्षा पास व्हावी लागते. रंगावर जाऊ नये, हा तिथला पहिला धडा. खांद्यावर उंचवटा आहे का, कपाळापासून नाकापर्यंतची रेघ सरळ आहे की मधे खोल गेली आहे, कान केवढे, पुढच्या पंजाची नखे किती लांब, हे पाहायचे. तोवर अस्वल एका जागी उभे राहील, असे परीक्षा घेणाऱ्यांनी गृहीत धरलेले दिसते.

हे जनावर दुर्मीळ अजिबात नाही. जगात अस्वलाच्या आठ जाती. उरलेल्या सातांची डोकी एकत्र मोजली तरी काळ्यांची संख्या जास्त भरते. स्वभावाने ते भित्रे. अमेरिका आणि कॅनडा मिळून १९०० ते २००९ या काळात रानातल्या काळ्या अस्वलांनी ६३ माणसे मारल्याची नोंद आहे. हा आकडा ऐकून नवशिक्या शिकाऱ्याला हायसे वाटायला हवे, पण बहुधा तो हिरमुसतो, कारण घरी येऊन सांगायच्या गोष्टीतला निम्मा थरार इथेच संपतो. बाकी सगळ्या बाबतींत अस्वल त्याच्यापेक्षा वरचढ आहे. ते पळते ताशी ४५ ते ५० किलोमीटर वेगाने, आणि अंगावर शे-दीडशे किलो बाळगून झाडावर सरसर चढते. नाकाची तर बातच सोडा. वारा उलटा फिरला तर शिकारी मचाणावर टेकायच्या आत त्याने सकाळी कोणता साबण लावला याचा पत्ता अस्वलाला लागलेला असतो. त्याची एकच बाजू लंगडी, ती म्हणजे भूक.

वसंतात कोवळे गवत, उन्हाळ्यात बोरवर्गीय फळे आणि मुंग्या, पानगळीत ओक आणि बीच या झाडांच्या बिया, असा काळ्या अस्वलाचा बहुतांशी शाकाहारी संसार आहे. ऑगस्ट सरला की मात्र त्याच्या अंगात भूक संचारते. पुढचे पाच-सहा महिने गुहेत काढायचे असतात आणि त्या काळात ते खात नाही, पीत नाही, उत्सर्गालाही बाहेर पडत नाही. मादी तर ऐन जानेवारीत त्याच गुहेत पाव किलोच्या आसपासची पिल्ले जन्माला घालते आणि त्यांना दूधही पाजते, तेही अंगावरच्या साठलेल्या चरबीच्या जोरावर. ती चरबी कमवायची म्हणून पानगळीत अस्वल दिवसाला २०,००० उष्मांकांपर्यंत मजल मारते. चांगल्या जेवणाऱ्या माणसाचा हा आठवड्याचा शिधा. काळ्या अस्वलाच्या शिकारीच्या जवळजवळ सगळ्या पद्धती या भुकेवर बेतलेल्या आहेत.

रानात अस्वल आहे की नाही हे ताडायला नवशिक्याला आधी खाली बघायला शिकवतात. उलथलेले दगड, मुंग्यांसाठी सोलून काढलेले कुजके ओंडके, बीचच्या गुळगुळीत सालीवर वर चढत गेलेले पाच-पाच नखांचे ओरखडे आणि विष्ठा. या शेवटच्या विषयावर पुस्तके फार रमतात. कालची की आजची, बोरे खाल्लेली की मका, याची रंगीत छायाचित्रे पानेच्या पाने दिलेली असतात. त्यांत तथ्य आहे. अस्वल काय खाते ते कळले की ते उद्या कुठे असेल ते कळते. अमेरिकेच्या ईशान्य टोकावरच्या मेन राज्याच्या उत्तरेत बीचला साधारण वर्षाआड भरघोस फळ येते. फळाच्या वर्षी अस्वले आपल्या घरचे जेवतात आणि शिकाऱ्यांनी आमिष म्हणून मांडलेल्या पानाकडे ढुंकून बघत नाहीत. फळ नसलेल्या वर्षी तिथेच पंगती उठतात.

रानात पाऊल टाकण्याआधी शिकाऱ्याला वर्गात बसावे लागते. शिकाऱ्याचे शिक्षण सक्तीचे करण्यात न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये पुढाकार घेतला आणि आता सगळीकडे कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तो अभ्यासक्रम आहे. बंदूक भरलेलीच आहे असे समजावे, नळी माणसांकडे वळवू नये, बोट शेवटच्या क्षणापर्यंत चापावर ठेवू नये, निशाणाच्या पलीकडे काय आहे ते पाहावे. नारिंगी जाकीट घालावे, म्हणजे दुसरा शिकारी आपल्याला अस्वल समजणार नाही. मग शिकारीचा परवाना, अस्वलाचा निराळा परवाना, सापळा लावायचा तर त्याचा निराळा अभ्यासक्रम आणि निराळा परवाना, आणि मारलेल्या अस्वलाला जागेवरच अडकवायची चिठ्ठी. मेनमध्ये रविवारी शिकारीला बंदी आहे. १९३७ च्या एका केंद्रीय कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या करातून वन्यजीवांच्या रक्षणासाठी पैसा बाजूला काढला जातो. रायफली आणि काडतुसांवर तो ११ टक्के आहे. त्या हिशेबाने भरपूर काडतुसे विकत घेऊन हंगामभर नेम चुकवत राहणारा माणूस हा अस्वलांचा सर्वांत मोठा आश्रयदाता ठरतो, आणि असे आश्रयदाते पुष्कळ आहेत.

या विद्येची काशी म्हणजे मेन राज्य. आमिष, कुत्री आणि सापळा या तिन्ही मार्गांना तिथे मुभा आहे. हौशी माणसाला अस्वलासाठी सापळा लावू देणारे तर अमेरिकेत ते एकच राज्य. शिकार ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते, पण आमिष महिनाभर आधीपासून मांडता येते. म्हणजे जुलै संपता संपता मेनच्या जंगलात अन्नदान सुरू होते. बेकऱ्यांतले शिळे डोनट हे त्यातले मुख्य पक्वान्न. जोडीला शिळा पाव, केकचे तुकडे, पॉपकॉर्न, काकवी आणि हॉटेलांच्या कढयांतले काळेकुट्ट झालेले तळणीचे तेल. ज्या मालाकडे गावातली माणसे नाक मुरडतात, त्याला हंगामात रीतसर गिऱ्हाईक मिळते. बेकरीवाल्याशी ओळख असणे हे इथे चांगल्या बंदुकीपेक्षा मोलाचे आहे.

मांडणी ठरलेली असते. साधारण २०० लिटरचे पत्र्याचे पिंप झाडाला साखळीने जखडतात, कारण मोकळे ठेवले तर अस्वल पिंपासकट जेवण घरी नेते. पिंपाच्या पोटाला पंजा जाईल एवढे भोक पाडतात. एका वेळी एकेक डोनट बाहेर यावा आणि पाहुण्याने सावकाश जेवावे, हा हेतू. भोवतीच्या मातीवर तळणीचे तेल ओततात. ते अस्वलाच्या पंजांना लागते आणि परतताना ते जिथे जिथे जाईल तिथपर्यंत वासाची वाट तयार होते. त्या वाटेने दुसरे अस्वल येते. जाहिरातीचा खर्च शून्य. लांबच्या पाहुण्यांसाठी एक खास युक्ती आहे. लहानशा गॅसच्या शेगडीवर डब्यात मध ठेवायचा आणि तो उतू जाऊन करपेपर्यंत तापवायचा. त्याचा गोड, जळका धूर झाडीत पसरतो, पानांना चिकटतो आणि वाऱ्याबरोबर दूरवर जातो. बडीशेपेचा अर्क, रासबेरीचा अर्क यांच्याही बाटल्या मिळतात. हे सगळे रोज वाहून नेणाऱ्या पिकअप गाडीत बसून पुढे दोन महिने कुणाच्या लग्नाला जाता येत नाही.

अन्नदानालाही नियम आहेत. पिंप गाडी जाईल अशा रस्त्यापासून निदान ५० यार्ड आत हवे, वस्तीपासून त्याहून बरेच दूर, आणि त्यापाशी यजमानाचे नाव-पत्ता लिहिलेली पट्टी हवी. ती शिकारीचे नियम राखणाऱ्या वॉर्डनसाठी असते. हंगाम संपला की खरकटे उचलून जागा साफ करावी लागते. चॉकलेटचा मोह टाळायचा, हे न्यू हॅम्पशायरमध्ये लोक वाईट रीतीने शिकले. २०१४ च्या सप्टेंबरात तिथे एका आमिषाच्या जागेजवळ चार अस्वले मेलेली सापडली, दोन माद्या आणि दोन पिल्ले. गोळीची खूण कुठेच नव्हती. त्यांनी ४० किलोच्या आसपास चॉकलेट आणि डोनटचा फडशा पाडला होता आणि चॉकलेटमधल्या थिओब्रोमिन नावाच्या द्रव्याने त्यांचा जीव गेला होता. पुढे त्या राज्याने आमिषात चॉकलेट वापरायला बंदी घातली.

शिकारी पिंपाजवळ आपोआप छायाचित्रे टिपणारा कॅमेरा बांधतो, आणि इथून त्याच्या शिक्षणाला वेगळे वळण लागते. पहिल्या आठवड्यात छायाचित्रांत फक्त रॅकून आणि खारी असतात. मग एका रात्री अस्वल येते. मग त्याच्या मागून दुसरे, पिल्लांना घेऊन मादी, कानाला कातर गेलेला एक जुना नर. शिकारी त्यांना नावे देतो, कोण कुणाला हुसकावतो ते बायकोला दाखवतो, जुन्या नराने आज काहीच खाल्ले नाही म्हणून काळजी करतो. एवढी घसट झाल्यावर हंगाम उघडतो.

या प्रकाराला शिकार म्हणावे का, असा प्रश्न मेनमधल्याही अनेकांना पडला. आमिष, कुत्री आणि सापळा या तिन्हींवर बंदी घालावी म्हणून २००४ आणि २०१४ अशी दोनदा सार्वमते झाली आणि दोन्ही वेळा बंदीचा प्रस्ताव थोड्या फरकाने पडला. विशेष म्हणजे राज्याचे वन्यजीवशास्त्रज्ञ बंदीच्या विरोधात होते. मेनचे जंगल इतके दाट आहे की आमिषाशिवाय अस्वल दिसतच नाही, आणि दिसले तर नर की मादी, पिल्ले मागे आहेत का, हे बघायला वेळ मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे. कोलोराडोत १९९२ मध्ये, ओरेगनमध्ये १९९४ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्यात १९९६ मध्ये मतदारांनी नेमका उलटा कौल दिला. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात आमिष मुळातच बेकायदा आहे. या वादात एक गोष्ट दोन्ही पक्ष सोयीनुसार विसरतात: एवढा पाहुणचार करूनही मेनमध्ये आमिषावर बसणाऱ्या चारांतल्या तिघांना अस्वल मिळत नाही. आमिषाशिवाय पायी हिंडणाऱ्यांत तर शंभरात दोघा-तिघांनाच मिळते.

त्याचे कारण मचाणावर कळते. दुपारी चढायचे आणि उजेड संपेपर्यंत हलायचे नाही. डास हा मेनचा दुसरा मोठा वन्यजीव आहे, आणि त्याला मारण्यासाठी हात उचलणे हे अस्वलाला हात दाखवण्यासारखेच. खोकला गिळायचा, शिंक अडवायची. अस्वल येते ते आवाज न करता. पंजांना मऊ गाद्या असल्यामुळे सुक्या पानांवरूनही त्याची चाहूल लागत नाही. मघाशी जिथे झुडूप होते तिथे आता अस्वल आहे, असे एकदम लक्षात येते. त्या वेळी नवशिक्याने छातीचे ठोके आवरून कान पाहायचे असतात. डोक्यावर उभे, मोठे, एकमेकांजवळ कान असले तर अस्वल लहान. कान बारके वाटत असले आणि डोक्याच्या दोन बाजूंना लांब गेलेले असले तर डोके मोठे, म्हणजे अस्वल मोठे. शेजारी पिंप असतेच. उभे पिंप साधारण ९० सेंटिमीटर उंच, चार पायांवरच्या अस्वलाची पाठ त्याच्या काठाला लागली तर ते नामी जनावर. हे सगळे पाठ असूनही गोळी सुटल्यावर शिकारी खाली उतरतो तेव्हा मघाचे दोनशे किलोचे अस्वल सत्तर किलोचे झालेले असते. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की शिकाऱ्यांनी तो गृहीतच धरला आहे. शिवाय दाट चरबीने जखम बुजते आणि लांब केस रक्त शोषून घेतात, त्यामुळे नेम नीट न लागलेल्या अस्वलाचा माग काढणे हे फार जिकिरीचे काम. जबाबदार शिक्षक म्हणूनच शंका आली तर गोळी झाडू नका असे सांगतात, आणि नवशिक्याला शंका हंगाम संपल्यावर येते.

कुत्र्यांच्या साहाय्याने अस्वल झाडावर चढवण्याची पद्धत जुनी. तिचा सर्वांत गाजलेला धडा १९०२ च्या नोव्हेंबरात मिसिसिपी राज्यात ऑनवर्ड या गावाजवळ घडला आणि तिथला नवशिका होता खुद्द अमेरिकेचा अध्यक्ष, थिओडोर रूझवेल्ट. वाटाड्या होता होल्ट कॉलियर, गुलामीत जन्मलेला, त्या दलदलीचा कोपरा न् कोपरा जाणणारा, कुत्र्यांचा उस्ताद. कॉलियरने अध्यक्षांना एका जागी उभे केले आणि अस्वल इथेच आणतो असे सांगून तो कुत्र्यांच्या मागे गेला. तास गेले. अध्यक्ष कंटाळले आणि जेवायला छावणीवर परतले. कॉलियरने शब्द पाळला. अस्वल त्याच जागेवर आले, फक्त तिथे कोणी नव्हते. कुत्र्यांनी घेरलेल्या अस्वलाने एक कुत्रे मारले. अध्यक्षांचे सावज आपण मारायचे कसे, म्हणून कॉलियरने बंदुकीचा दस्ता त्याच्या डोक्यात हाणून त्याला झाडाला बांधले आणि शिंग फुंकून अध्यक्षांना बोलावणे धाडले. जेवण आटोपून आलेल्या रूझवेल्टनी बांधलेल्या जखमी अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. क्लिफर्ड बेरिमन या व्यंगचित्रकाराने १६ नोव्हेंबरच्या वॉशिंग्टन पोस्टमध्ये तिचे चित्र काढले, ब्रुकलिनमध्ये गोळ्या-मिठाईचे दुकान चालवणाऱ्या मिचटम दांपत्याने त्यावरून कापडी अस्वल शिवले आणि जगभरच्या पाळण्यांत टेडी बेअर जाऊन बसला. खऱ्या अस्वलाचे पुढे काय झाले ते खेळण्याच्या डब्यावर छापत नाहीत. ते फार जखमी होते. त्याचे हाल संपवा असे रूझवेल्टनी सांगितले आणि ते सुरीने मारण्यात आले. मिसिसिपीतल्या काळ्या अस्वलांची संख्या पुढे इतकी घटली की १९३२ मध्ये तिथली शिकार बंद करावी लागली. २००२ मध्ये राज्याने टेडी बेअरला आपले अधिकृत खेळणे म्हणून जाहीर केले. शिकारीच्या दृष्टीने पाहिले तर या सगळ्यातून निघणारा मुद्दा एकच: जागा सोडून जेवायला जाऊ नये.

सापळ्याचा इतिहास आणखी विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले सर्वांत नावाजलेले पोलादी सापळे ज्यांनी बनवले ते लोक एका धार्मिक आश्रमात राहत होते. न्यूयॉर्क राज्यातली ओनायडा कम्युनिटी १८४८ मध्ये जॉन हम्फ्री नॉयस यांनी स्थापली. तिथे मालमत्ता सगळ्यांची, मुले सगळ्यांची, आणि प्रत्येक पुरुष प्रत्येक स्त्रीचा नवरा. पृथ्वीवर स्वर्ग आणायचा हे ध्येय, पण स्वर्गालाही रोख पैसा लागतो. सुएल न्यूहाउस नावाचा सापळे घडवणारा कारागीर या मंडळात दाखल झाला आणि आश्रमाला बरकत आली. त्यांच्या सहा नंबरच्या सापळ्याचे नाव ग्रेट बेअर टेमर. वजन १९ किलो, उघडलेल्या जबड्याचा पल्ला १६ इंच, जबड्यांना दात. प्रेमाने राहणारी ही मंडळी तो हसतमुखाने विकत होती, आणि कसा लावायचा याचे पुस्तकही त्यांनीच छापले. १८८१ मध्ये आश्रमाची कंपनी झाली आणि पुढे ती चमचे-काट्यांसाठी घरोघर पोचली.

ते दात असलेले सापळे आता मेनमध्ये अस्वलासाठी चालत नाहीत. परवानगी आहे ती पिंजऱ्याला आणि पायात अडकणाऱ्या तारेच्या फासाला. फास आवळला तरी अडीच इंचांहून लहान होऊ नये, असा अडथळा त्याच्यावर असावा लागतो, म्हणजे लहान जनावराचा पाय निसटतो. एका माणसाला एकच सापळा, आणि तो रोज जाऊन पाहायचा. पाऊस असो, ताप असो. हंगाम सप्टेंबर आणि ऑक्टोबर. लावण्याची कला सगळी लाकडाच्या काटक्यांत आहे. अस्वलाला काटकीवर पाय द्यायला आवडत नाही. ते दोन काटक्यांमधली मऊ मोकळी जागा शोधते. म्हणून आमिषाच्या बादलीकडे जाणारी एकच वाट ठेवून तिच्यात काटक्या अशा पसरतात की पंजा पडायची मोकळी जागा नेमकी फासाच्या मधोमध यावी. ही जागा दोन बोटे इकडेतिकडे झाली की सकाळी बादली रिकामी, फास कोरडा आणि मातीत शेजारीच उमटलेला मोठा, स्वच्छ पंजा.

वन्यजीवशास्त्रज्ञही हेच फास आणि लोखंडी नळाचे पिंजरे वापरतात, पण अस्वलाला रेडिओचा पट्टा घालून सोडून देण्यासाठी. मेनमध्ये हा अभ्यास १९७५ पासून चालू आहे. हिवाळ्यात ही मंडळी रेडिओच्या इशाऱ्यावर बर्फातून गुहेपर्यंत जातात, झोपेतल्या आईला भूल देतात आणि पिल्ले मोजतात. तोवर पिल्ले गारठू नयेत म्हणून मदतनीस ती आपल्या जाकिटात छातीशी धरून बसतात. नळाच्या पिंजऱ्याला काही अस्वले सरावतात आणि मांस खाऊन सुटकेची वाट पाहत शांत पडून राहतात. गावात उच्छाद मांडणारे अस्वल अशा पिंजऱ्यातून दूर नेऊन सोडले तर ते शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरूनही परत आल्याच्या नोंदी आहेत.

अस्वल मिळालेच, तर खरे काम सुरू होते. सप्टेंबरात हवा गरम असते आणि चरबीमुळे मांस लवकर नासते; म्हणून काही तासांत कातडे उतरवून मांस थंड करावे लागते. मग नोंदणी. अनेक राज्यांत अस्वलाचा एक छोटा दात काढून घेतात. त्याच्या मुळाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळे दिसतात आणि वय कळते. मादी असेल तर कोणत्या वर्षी पिल्ले झाली तेही त्यावरून कळते. मांस शिजवताना आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापमान गाठायला हवे, कारण त्यात ट्रिकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात, आणि त्यातल्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत. २०२२ मध्ये साउथ डकोटात एका कुटुंबाच्या मेळाव्यात कॅनडातून आणलेल्या काळ्या अस्वलाचे कबाब झाले. मांस ४५ दिवस गोठवलेले होते, पण रंगाने इतके गडद की कच्चे राहिल्याचे कुणाच्या ध्यानात आले नाही. सहा जण आजारी पडले, आणि त्यांतल्या दोघांनी मांसाला हातही लावला नव्हता. त्यांनी फक्त त्याच शेगडीवर मांसाबरोबर शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. पंगतीत पान बदलून बसणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

शिकारीच्या विक्रमांची वही बून अँड क्रॉकेट क्लबकडे असते. तिथे अस्वलाचे वजन मोजत नाहीत. कवटी ६० दिवस वाळवायची आणि तिची लांबी व रुंदी इंचाच्या सोळाव्या हिश्शापर्यंत मोजून बेरीज करायची. काळ्या अस्वलाचा जागतिक विक्रम २३ पूर्णांक १० सोळांश इंच आहे. ती कवटी १९७५ मध्ये युटा राज्यातल्या सॅनपीट परगण्यात रानात पडलेली सापडली. जगातले सर्वांत मोठे काळे अस्वल कुणा शिकाऱ्याच्या हाती लागलेच नाही.

शिकार होऊ द्यावी की नाही, यावर राज्ये वरचेवर मत बदलतात. फ्लोरिडाने २०१५ मध्ये आठवडाभराचा हंगाम ठेवला आणि दोन दिवसांत ३०० च्या आसपास अस्वले मारली गेल्यावर तो गुंडाळला. दहा वर्षांनी पुन्हा हंगाम निघाला तेव्हा १७२ परवाने सोडतीने दिले, आणि शिकारीच्या विरोधकांनीही परवाना मिळवून तो वापरायचा नाही म्हणून अर्ज भरले. न्यू जर्सीत तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी शिकार बंद करण्याचे आश्वासन दिले, ते पाळले, आणि अस्वले अंगणात येऊ लागल्याच्या तक्रारी वाढल्यावर २०२२ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू केली.

मराठी वाचकाला यातले महाराष्ट्रात काहीच करता येणार नाही. मेळघाट, ताडोबा आणि गडचिरोलीच्या रानांतले अस्वल निराळ्या जातीचे आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची गोष्ट वेगळी. तिथे एकवीसच्या एकवीस परगण्यांत काळे अस्वल दिसल्याच्या नोंदी आहेत आणि त्याला खायला घालणे हा दंडाचा गुन्हा आहे. अंगणात टांगलेले पक्ष्यांचे दाणे उन्हाळाभर काढून ठेवावेत, बार्बेक्यूची जाळी धुवावी, आणि कचऱ्याचे पिंप आदल्या रात्री बाहेर न ठेवता गाडी येण्याच्या दिवशी सकाळी ठेवावे.